तिने मोजलेले वेढे

माझ्या बायकोला उजेड सहन होईनासा झाला, तेव्हा मी पहिल्यांदा युनिटचं काम म्हणून नाही, तर घरचं काम म्हणून एक इंडक्टर डिझाइन केला.

तिच्या डोक्यातली गाठ एकदा काढून झाली होती. मधलं दीडेक वर्ष बरं गेलं. मग गाठ परत आली, आणि या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. औषधं लिहून दिली आणि घरीच ठेवा म्हणाले. उजेडाचा त्रास होईल हेही सांगितलं होतं, पण किती होईल ते सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

आमचं घर रायपूरच्या बुढापाऱ्यात, इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात, तलावापासून दोन गल्ल्या आत. तिला मागच्या खोलीत ठेवलं, कारण त्या खोलीला एकच खिडकी आहे. एप्रिल सुरू होता. रायपूरच्या एप्रिलमध्ये दुपारचं ऊन पडद्याला जुमानत नाही, म्हणून मी खिडकीवर चादर दुमडून लावली आणि झरोक्यावर पुठ्ठा चिकटवला. ट्यूबलाइट लावली की ती दोन्ही हातांनी डोळे दाबून धरायची. बल्ब लावून पाहिला. झीरोचा बल्ब लावून पाहिला. देवघरातली समई आणून कोपऱ्यात ठेवली, तर ज्योत हलते म्हणून तिला मळमळायला लागलं. शेवटी सगळं बंद केलं. आम्ही भिंत चाचपडत खोलीत जायचो आणि आवाजाच्या अंदाजाने तिच्या तोंडाशी चमचा न्यायचो.

असं आठवडाभर चाललं. मग एका दुपारी ती म्हणाली, "एवढ्या लोकायले उजेड विकता तुम्ही. मले एक दिवा नाही करून देऊ शकत?"

मी म्हटलं, "तुले कोणताच दिवा चालत नाही ना."

"तेच म्हणून राहिले. मले चालंल असा करा. मरायचं तर हाय, मले माहीत हाय. पण असं अंधारात नाही मराचं. पोट्टीचं तोंड तरी दिसलं पाहिजे."

पोट्टी म्हणजे आमची मुलगी. पुण्यात नोकरी करते. तेव्हा घरून काम करायची परवानगी घेऊन आली होती आणि पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसायची.

मी ज्या युनिटमध्ये नोकरी करतो ते सिलतऱ्याच्या रस्त्यावर आहे. स्टीलच्या कारखान्यांच्या शेडमध्ये उंचावर जे मोठे एलईडी दिवे लागतात, त्यांचे ड्रायव्हर आम्ही बनवतो. एलईडीला ठरावीक करंट लागतो, कमी नको आणि जास्तही नको, आणि तो देणारं जे सर्किट असतं ते ड्रायव्हर. त्या सर्किटमध्ये तारेची एक गुंडाळी असते, फेराइटच्या गाभ्याभोवती. तोच इंडक्टर. फिरतं जातं जसं हात काढल्यावर एकदम थांबत नाही, तसा इंडक्टरमधला करंट एकदम थांबत नाही आणि एकदम वाढतही नाही. गाभा केवढा घ्यायचा, तार किती जाड, वेढे किती, हे ठरवणं माझं काम. दुसरं मला फारसं काही येत नाही.

तिचं म्हणणं मी कामासारखंच घेतलं. आधी तिला काय सहन होत नाही ते पाहिलं. बाजारातल्या स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला ते कळत नाही. तिच्या डोक्याला कळत होतं. म्हणजे दिवा अजिबात थरथरता कामा नये. दुसरं, तो खूप मंद हवा. आणि इंजेक्शन द्यायला एक दिवसाआड जी नर्सदीदी यायची तिला शीर शोधायला पूर्ण उजेड लागायचा, म्हणजे तेवढ्या पाच मिनिटांसाठी, बायकोच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, तोच दिवा पूर्णही लागला पाहिजे.

मंद उजेड साध्या रेझिस्टरनेही मिळाला असता, हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर कोणी जाणकार मला विचारेल. पण मंदपासून पूर्णपर्यंत एकाच बटणाने, न थरथरता जायचं तर मला माझाच रस्ता ठाऊक होता. शिवाय तेवढंच कारण होतं असंही नाही. इंडक्टर करायचा म्हणजे वेढे मोजायला ती लागणार होती.

त्याचं असं आहे. कारखान्यातला माल मशीनवर गुंडाळतात, त्याला काउंटर असतो. पण नवीन नमुना हातानेच करावा लागतो, आणि हाताने करताना दोन माणसं लागतात. एक गुंडाळतो, दुसरा मोठ्याने मोजतो. गुंडाळणाऱ्याने मोजायचं नाही. त्याचं लक्ष तार शेजारच्या तारेला चिकटून बसते की नाही याकडे हवं. तो आकडा ऐकत नाही, फक्त लय ऐकतो. एक आकडा, एक वेढा. मी नमुने नेहमी घरी करायचो, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मोजायला ती. भाजी निवडता निवडता मोजायची, पोळ्या लाटता लाटता मोजायची. मध्ये दारावर कोणी आलं तर आकडा बोटावर धरून बोलायला जायची आणि परत येऊन पुढचा आकडा म्हणायची. मीटरवर तपासायला नेलेला तिचा एकही नमुना कधी चुकला नव्हता. मुलीने लहानपणी एकदोनदा मोजून पाहिलं, पण मराठी आकडे तिला चाळिसाच्या पुढे येत नाहीत आणि हिंदीत उनासी आणि नवासी, म्हणजे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, यांत ती हमखास अडकते.

एका रविवारी युनिटमधला टेबलावरचा पॉवर सप्लाय घरी आणला. एलईडीची पट्टी तिच्या पलंगामागे भिंतीकडे तोंड करून लावली, म्हणजे उजेड भिंतीवरून परतून येईल. करंट शून्यावरून हळूहळू वाढवायला लागलो.

"दिसून राहिलं का काही?"

"नाही."

"आता?"

"थोडंसं. भिंत."

"सांग कुठं थांबू ते."

"थांबा. बस. याच्या वरतं नको."

पंधरा मिलिअँपिअर. त्या पट्टीचा पूर्ण करंट तीनशे. म्हणजे शेकडा पाच. तिच्या डोळ्यांनी मला आकडा दिला होता, आणि मला आकडा मिळाला की बरं वाटतं. सप्लाय दुसऱ्या दिवशी परत करायचा होता आणि त्याचा पंखाही घरघर करायचा. आता दिवा करायचा होता.

हिशोब थोडक्यात सांगतो. इंडक्टरमधला करंट सरळ रेषेत नसतो, तो करवतीच्या दातांसारखा वर-खाली होत असतो. आमच्या नेहमीच्या इंडक्टरमध्ये ही वर-खाली नव्वद मिलिअँपिअरची असते. सरासरी तीनशे असताना नव्वदने काही बिघडत नाही, आणि ते इतक्या वेगात होतं की कोणाच्याच डोळ्याला कळत नाही. पण सरासरी पंधरावर आणली तर दात तळाला टेकतात, करंट मध्येच तुटतो, सर्किट अडखळायला लागतं आणि दिवा थरथरतो. म्हणून दातच लहान करायचे. नव्वदचे तीस. त्यासाठी इंडक्टन्स तिप्पट पाहिजे, एक मिलिहेन्रीच्या जागी तीन. माझ्याकडच्या गाभ्यावर त्याचे एकशे दहा वेढे झाले.

गाभा आणि तार गुंडाळायची बॉबिन युनिटमधून पैसे भरून घेतली, तार गोल बाजाराच्या मागे मोटार-वाइंडिंगवाल्यांच्या गल्लीतून आणली. तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो. गुंडाळायला मला उजेड लागत नाही, बोटांना कळतं.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे दहा."

"एवढुशा दिव्याले?"

"दिवा मंद पाहिजे म्हणून जास्त."

"वा. उजेड कमी, तार जास्त. तुमच्या धंद्यात सगळं उलटंच." मग म्हणाली, "मले पाहाले आले तेव्हाच समजलं होतं. मुलीले गाणं येते का, स्वयंपाक येते का, हे विचारून राहिले सारे. अन् हे माझ्या बापाले विचारतात, घरात महिन्याचे किती युनिट जळतात."

"बरोबर विचारलं होतं. तुमचा मीटर खराब होता."

"लग्नाआधी माह्या बापाचा मीटर बदलून देला यायनं." हे मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पुढच्या खोलीतून आवाज आला, "मम्मी, मैं मीटिंग में हूँ."

मग ती मोजायला लागली. आवाज बारीक झाला होता पण लय तीच. एकशे दहा म्हणाली तिथे मी तार तोडली, टोकं पिळली, गाभ्याचे दोन अर्धे मध्ये कागद घालून जोडले आणि वरून टेप मारली. माझ्या मते आमचं दोघांचं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं पूर्ण झालेलं काम होतं.

दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये मीटरवर लावलं. तीन पॉइंट शून्य दोन यायला हवं होतं. तीन पॉइंट साठ आलं.

मी आधी मीटरच्या वायरी तपासल्या. मग गाभा उघडून कागद पाहिला, सरकला असेल म्हणून. सरकला नव्हता. मग गाभ्याचा लॉटच खराब असेल असं धरून त्याच लॉटमधले आणखी चार गाभे काढून दुसऱ्या गुंडाळीवर मोजले, चारही बरोबर निघाले. वेढे वाढले की इंडक्टन्स त्यांच्या वर्गाने वाढतो, हे मी रोज वापरतो. उलटं गणित करायला मला कॅल्क्युलेटरही लागत नाही. तरी ते गणित मी सगळ्यात शेवटी केलं. एकशे वीस आले.

मग गुंडाळी मशीनवर चढवली आणि काउंटर लावून उलटी उकलली. एकशे वीस.

एखादा वेढा चुकला असता तर तार निसटली म्हटलं असतं. बरोबर दहा जास्त म्हणजे तिने एक अख्खी दहाई दोनदा म्हटली होती. आणि मी लय ऐकत होतो, आकडा ऐकत नव्हतो.

तोपर्यंत तिच्या बोलण्यात काही फरक नव्हता. माणसं ओळखत होती, औषधांची नावं पाठ होती, माझी टिंगल करत होती. डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत सांगितलं होतं की डोळ्यांवर आणि आठवणीवर परिणाम होईल, पण अजून तसं काही दिसत नाही. त्यांच्या तपासणीत दिसलं नव्हतं, माझ्या मीटरवर दिसलं होतं.

चारच्या चहाला गेटबाहेरच्या टपरीवर उभा होतो. समोर स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या चिमण्या, चहाच्या ग्लासाच्या काठावर नेहमीसारखी काळी धूळ. आमच्या युनिटचे मालक माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, मला भैया म्हणतात. शेजारी येऊन उभे राहिले.

"क्या हुआ भैया, सैंपल फेल?"

"पास है."

"फिर मुँह काहे उतरा है?"

"दस टर्न ज्यादा लग गए."

"तो दस निकाल दो. इसमें क्या है."

"हव," मी म्हटलं.

दहा काढले. तीच तार पुन्हा गुंडाळून एकशे दहावर तोडली, मीटरवर तीन पॉइंट शून्य दोन आले, आणि त्याच आठवड्यात दिवा लागला.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. बटण शून्यावरून इतकं हळू फिरवलं की माझं मनगट दुखायला लागलं. भिंत पिवळसर दिसायला लागली, मग पलंगाची कड, मग तिची बोटं. तिथे मी घाबरून थांबलो.

"असू द्या," ती म्हणाली. "हलून नाही राहिला."

मुलगी दारातच उभी होती. तिला आईने जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि तिचं तोंड बराच वेळ पाहिलं. केसांना तेल लावत जा म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"म्हातारे झाले तुम्ही. अंधारात समजलं नव्हतं."

त्यानंतर महिनाभर आम्ही तिच्या खोलीत जेवलो. कूलर चालू, दिवा पंधरावर, मांडीवर ताटं. तिला दोन घासांच्या वर जायचं नाही, पण आमच्या ताटात काय आहे ते पाहून बोलायची. वरणावर तूप कमी आहे. पोट्टीने भेंडी जाळली. सर्किटचा डबा मोठा झाला होता, पलंगाखाली मावत नव्हता म्हणून स्टुलावर ठेवला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायची, दिवा बोटाएवढा अन् डबा लग्नाच्या लाडवायचा. भेटायला आलेल्या शेजारणीला सांगितलं, याचे वेढे मी मोजले हायेत. मी तेव्हा पाण्याचा ग्लास घेऊन आत गेलो.

मे संपत आला तसे डोळे आणखी हळवे झाले. पंधरा जड व्हायला लागले. मी दहावर आणलं, तर दिवा अगदी बारीक थरथरायला लागला. मला दिसत नव्हतं, तिला दिसत होतं. तिने डोळ्यांवर ओढणी घेतली.

"अजून कमी नाही होत का?"

"होईल. पण मग इंडक्टर मोठा करावा लागेल."

"मग टाका ना अजून वेढे. मी मोजून देते."

मी डब्याची वायर सरळ करायला लागलो. ती म्हणाली, "काहून? मशीनवर करता का आता?"

"नाही. तूच मोज."

या वेळी मी एकशे पस्तीस ठरवले होते. त्याने साडेचार मिलिहेन्री मिळाले असते आणि दिवा दहापर्यंत स्थिर राहिला असता. दुपारची वेळ होती. मुलगी मीटिंग आटपून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दिवा बंदच होता, दारातून येणारा थोडा उजेड तिच्या पायांपाशी थांबत होता. मी पहिल्यांदाच गुंडाळतानाही मनात मोजत होतो. जिभेचं टोक दातांत धरून, तिला कळू नये म्हणून.

साठापर्यंत आमचे आकडे बरोबर चालले. पासष्ट, सहासष्ट. सत्तर. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी.

"सत्तर," ती म्हणाली.

माझा हात थांबला नाही. एक आकडा, एक वेढा. एक्काहत्तर, बाहत्तर. ती त्याच लयीत पुन्हा एकोणऐंशीपर्यंत आली. या वेळी पार करेल असं वाटलं. पुन्हा सत्तर. दारात मुलगी सरळ उभी राहिली. "मम्मी," एवढंच म्हणाली, तर मी तिच्या दिशेने मान हलवली. तिला अंधारात दिसली की नाही माहीत नाही, पण ती परत चौकटीला टेकली.

तिसऱ्या खेपेला तिची आई ऐंशीवर गेली. मग एकोणनव्वदवरून परत ऐंशीवर आली. दोन उंबरठ्यांमध्ये कोणी येरझाऱ्या घालाव्यात तसं. नंतर मात्र शंभरचा आकडा तिने सहज ओलांडला आणि एकशे पस्तीसला "बस, तोडा" म्हणाली. पूर्वी म्हणायची तसंच, थोडं हुकूम सोडल्यासारखं. माझ्या मोजणीत एकशे पासष्ट झाले होते.

"झालं का नीट?"

"झालं."

"हात दुखला का तुमचा? या वेळी लई वेळ लागला."

"तार बारीक होती," मी म्हटलं. तार तीच होती.

स्वयंपाकघरात मुलीने मला गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "पापा, आपने टोका क्यों नहीं?"

"टोकून काय झालं असतं."

"पर कॉइल तो गलत हो गई ना. अब फिर से बनाओगे?"

"पाहतो."

"पहलेवाले में भी?"

"दहा."

ती ओट्याला टेकून रडायला लागली. नळ सोडून रडत होती, आत आवाज जाऊ नये म्हणून. मी शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने नळ बंद केला, पाणी वाया जात होतं.

मग मी टेबलाशी बसून हिशोब केला. वेढे जास्त झाले की नुसता फायदा होत नाही. गाभा एका मर्यादेपर्यंतच चुंबकत्व धरतो, त्याच्या पुढे गेलं की तो एकदम सोडून देतो आणि इंडक्टर नुसती तार उरतो. आणि ही मर्यादा गाभा गरम झाला की खाली येते. रायपूरचा उन्हाळा, बंद डबा, नर्सदीदीसाठी पूर्ण करंट, हे सगळं धरून मी तीन दशांश टेस्ला ही हद्द मानली. एकशे पासष्ट वेढ्यांना पूर्ण करंटवर पाव टेस्लाच्या किंचित वर आलं. हद्दीच्या आत. तारेचा रोध वाढला होता, पण उष्णता किरकोळ. बॉबिनमध्ये जागा होती. इंडक्टन्स पावणेसातच्या वर गेला होता, म्हणजे दिवा सात मिलिअँपिअरपर्यंत स्थिर राहणार होता. मी मागितलं होतं त्यापेक्षा खाली.

मी तो हिशोब दोनदा केला. काही सूट घेतली नाही. तो बसला नसता तर तीस वेढे उकलावे लागले असते, आणि मी ते उकलले असते. पण बसला. तिने मोजलेली गुंडाळी मी जशीच्या तशी वार्निशमध्ये बुडवली, वाळवली आणि डब्यात बसवली.

तो दिवा सातवर ठेवला की आम्हाला खोलीत जवळजवळ काही दिसायचं नाही. तिला दिसायचं. आम्ही कोण आलो, हातात काय आहे, सांगायची. असे बरेच दिवस गेले. बोलणं कमी झालं. एकदा मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली आणि लगेच हसली. पण दिवा हवा असायचा. डोळे उघडले की आधी भिंतीकडे पाहायची.

जूनमधली ती दुपार होती. पाऊस अजून आला नव्हता, कूलर सकाळपासून चालू होता. मुलगी तिचे पाय चोळत होती. ती म्हणाली, "थोडा वाढवा."

मी वाढवला. दहा.

"अजून."

पंधरा केला. तिच्या कपाळाला आठी नव्हती. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"अजून वाढवा ना."

तीस. साठ. एवढा उजेड तिने एप्रिलपासून पाहिला नव्हता. नवीन गोळ्या सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते, आणि त्यांनी सूज उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या मनात तेच आलं, सूज उतरली. दीडशे. मुलगी उठून पुढच्या खोलीत पळाली आणि ऑनलाइन मागवलेला कुर्ता घेऊन आली, पिवळा, आईला दाखवायचा म्हणून जपून ठेवलेला. तिने तो अंगाला लावून धरला.

"देखो ना मम्मी. कैसा है?"

मी दिवा पूर्ण केला. तीनशे.

नर्सदीदीच्या वेळी मी कामावर असायचो, त्यामुळे पूर्ण उजेडात खोली मला पहिल्यांदा दिसली. पुठ्ठ्याची सुटलेली कड दिसली, उशीच्या अभ्र्यावरचे औषधाचे डाग दिसले. तिचं तोंड दिसलं. इतकं वाळलं होतं हे माझ्या बोटांना कळलं नव्हतं. डोळे सताड उघडे होते आणि भिंतीच्या दिशेने होते. मुलगी दुसऱ्या बाजूला उभी होती.

"आता लावा ना," ती म्हणाली.

मी बटण चाचपलं, ते शेवटपर्यंत फिरलेलं होतं.

"लावला नाही का?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात नेला. पापणी हलली नाही. मुलीने कुर्ता खाली केला, पण हातातून सोडला नाही.

"अहो, ऐकून राहिले का?"

"आहे मी."

"वेढे कमी पडले का माझे?"

"नाही," मी म्हटलं. "एकही कमी नाही."

"मग काहून नाही लागला?"

बंद पडलेला ड्रायव्हर समोर ठेवला तर कुठे काय गेलं ते मी सांगू शकतो. इथे काय गेलं तेही मला कळलं होतं. ते तिला कसं सांगतात, हे माहीत नव्हतं. तेवढ्यात मुलगी दोन पावलं सरकली आणि तिने कूलरचं बटण बंद केलं. घरघर हळूहळू उतरत थांबली.

"लाइट गई है मम्मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा काढला.

तिची आई ऐकत राहिली. कूलरच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं.

"हो का. कूलर बी बंद झाला," ती म्हणाली. "मले वाटलं माझंच चुकलं."

"नाही ना. येईल थोड्या वेळात."

"येऊ द्या मग. काही घाई नाही."

मुलगी पलंगावर बसून पुन्हा तिचे पाय चोळायला लागली. मी वर्तमानपत्राची घडी घेऊन तिला वारा घालत बसलो. पूर्ण उजेडात आम्ही तिघंही घामाने भिजत होतो. मध्येच तिने विचारलं, साऱ्या पाऱ्याची गेली का, आणि मुलगी म्हणाली, हाँ मम्मी, पूरे पारा की.